भांडी पडली नव्हती, आण्णा

आण्णा,

तुम्ही गेलात हे मी मान्य केलं आहे. रक्षाविसर्जनाला कृष्णेच्या काठावर उन्हात उभा होतो, डोळ्यांनी पाहिलं, त्यात वाद नाही. पण तुम्ही गेलात म्हणून आपला वाद मिटला असं जे सगळे धरून चालले आहेत, ते मला साफ अमान्य आहे. तुमचा महावीर, माझा जावई, परवा म्हणाला, "मामा, आता कुणासंगं भांडणार तुमी?" मी म्हटलं, त्यांच्याशीच. माणूस वारला म्हणून त्याचं म्हणणं बरोबर ठरत नाही.

आणि आता तर तुम्ही नवीन कारण देऊन गेला आहात. तुमच्या सांगलीजवळच्या माधवनगरापासून इस्लामपुरापर्यंत लोक सांगत सुटलेत की आण्णांनी प्राण सोडला आणि त्याच क्षणी जमीन हादरली. तुम्ही असता तर मांडीवर थाप मारून हसला असता. मला मात्र राग आला आहे. जमीन हलली त्या संध्याकाळी तुम्ही माझ्या साताऱ्याच्या घरात ताटावर बसून भाकरी खात होतात. चांगले ठणठणीत होतात आणि माझ्यावर ओरडत होतात. तो धक्का तुमच्या जगण्यातला आहे. तो मी तुमच्या मरणाला देणार नाही, मग सगळं गाव एका बाजूला गेलं तरी चालेल.

आपण पहिल्यांदा भेटलो तेच मुळी सोयरीक मोडायला. माझी स्वाती आणि तुमचा महावीर यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. आम्ही मराठे, तुम्ही जैन. आमच्याकडे रविवारी रस्सा उकळणार, तुमच्याकडे कांदा-लसूणही चालत नाही आणि दिवस मावळायच्या आत जेवण उरकलेलं. इस्लामपुरात मध्यस्थाच्या घरी बसलो. मी तोफखान्यातला, तेही सर्व्हेच्या कामाचा. तोफ कुठं उभी आहे आणि लक्ष्य किती लांब आहे हे मोजून सांगण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळं बोलणंही मोजकंच. 'जमणार नाही' एवढं म्हणून उठायचं, असं एसटीतच ठरवलं होतं. तुम्ही यंत्रमागवाले. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळं शांत खोलीतही समोरचा दहा मागांच्या पलीकडं उभा असल्यासारखं बोलायचात. भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर दातांवर पृथ्वी तोललेला वराह. माझं 'जमणार नाही' ओठावर आलं होतं, तेवढ्यात तुम्ही त्या चित्राकडं बोट केलंत.

"सुभेदार, तुमी जमिनी मोजल्यात. मला सांगा, अख्खी पृथ्वी पाण्यात बुडाली व्हती हे कुणाला सुचलं असंल?"

"सुचलं असेल एखाद्या कवीला."

"कवीला चांदणं सुचतंय, पोरगी सुचती. पृथ्वी बुडाल्याली कशी सुचंल, कुणीतरी बघितल्याबिगर?"

त्या 'कुणाला सुचलं'नं पुढं माझी झोप उडवली. त्या दिवशी चहा आला, पोहे आले, पुन्हा चहा आला. मध्यस्थ बिचारा दारात उभा राहून दोघांची तोंडं बघत होता. शेवटी त्यानं विचारलं, की मग लग्नाचं काय? तुम्ही म्हणालात, "लग्न व्हईल की. ह्यांच्यासंगं वाद अर्धा ऱ्हायलाय." माझ्या पोरीचं लग्न असं ठरलं. पत्रिका बघितल्या नाहीत, मानपान ठरला नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "आवं, तुमी मोडायला गेला व्हता न्हवं?"

तुमचं म्हणणं मी इथं एकदा नीट मांडतो, म्हणजे मी ते वाकडं करून सांगितलं असं कुणी म्हणायला नको. पुराणात आकाश फाटतं, सूर्य गिळला जातो, समुद्र घुसळला जातो, डोंगर उडतात, आगीचा पाऊस पडतो. तुम्ही म्हणायचात, ही थोतांडं नव्हेत. फार पूर्वी आकाशातून खरोखर काहीतरी आलं असणार. एखादा शेपटीवाला तारा जवळून गेला असेल, डोंगराएवढा दगड आदळला असेल, धुरानं भर दुपारी अंधार झाला असेल. ज्यांनी पाहिलं त्यांना लिहिता येत नव्हतं. त्यांनी त्यात देव घातले, दानव घातले आणि पोराबाळांना सांगत राहिले, कारण नुसती माहिती कुणी लक्षात ठेवत नाही, गोष्ट ठेवतात.

आणि माझं म्हणणं होतं की माणूस आधी खड्डा बघतो आणि मग त्याला राक्षस सापडतो.

यवतेश्वरच्या घाटात आपण गाडी थांबवली होती तो दिवस आठवा. साताऱ्याभोवतीचे डोंगर तिथून सगळे दिसतात, माथ्यावर सपाट, सुरीनं कापल्यासारखे. तुम्ही दरवाजा उघडून खाली उतरलात आणि हात पसरून उभे राहिलात. डोंगरांना पूर्वी पंख होते, ते वाटेल तिथं उडत जाऊन बसायचे, मग इंद्रानं वज्रानं त्यांचे पंख छाटले, ही गोष्ट तुम्हाला फार आवडायची. "हे बगा छाटल्यालं! दिसतंय का न्हाई?" मी म्हटलं, आण्णा, हा काळा दगड वरून पडलेला नाही, खालून आलेला आहे. लाव्हा पसरला, गोठला, त्यावर पुन्हा पसरला. थर मोजता येतात. तुम्ही थर मोजलेत, अगदी शहाण्या मुलासारखे. मग म्हणालात, "बरं, खालनं आला. पण उडणारा डोंगर कुणाला सुचला?" घाटातून येणाऱ्या रिक्षावाल्यानं वेग कमी करून आपल्याकडं पाहिलं. दोन म्हातारे डोंगराकडं बोटं करून भांडताहेत, हे त्यानं कुठंतरी सांगितलंच असेल.

तुम्ही हेका धरायचात, पण लबाडी करत नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. ग्रहणाच्या बाबतीत मी गणित मांडून दाखवलं, सावली कशी पडते, पुढचं ग्रहण कधी लागणार, सगळं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "राहू-केतू सोडलं. ते तुमचं." जिंकलेली चौकी सोडून द्यावी तसं सोडलंत. त्यानंतर कधी ग्रहणाचा विषय काढला नाहीत. अशी माणसं मी पलटणीतही फार पाहिली नाहीत.

मग लोणार. दोघी विहिणींना मागं बसवून आपण तिथवर गेलो, कारण तो तुमचा हुकमाचा पत्ता होता. आकाशातला दगड पडून झालेलं सरोवर, आणि गावातली गोष्ट अशी की इथं जमिनीखाली लवणासुर राहायचा आणि देवानं पायाच्या अंगठ्यानं वरचं झाकण उडवून त्याला मारलं. काठावर उभं राहून तुम्ही माझ्याकडं असं पाहिलंत की जणू तो दगड तुम्हीच टाकला होता. "अंगठ्यानं, सुभेदार! वरनं खाली! दिशा तरी चुकलीय का?" मी म्हटलं, हा खड्डा इतका जुना आहे की शास्त्रज्ञांचंही त्याच्या वयावर एकमत होत नाही. बघायला माणूस होता कशावरून? लोकांनी हे गोल भोक पाहिलं, विचार केला आणि गोष्ट रचली. साक्षीदार खड्डा आहे, माणूस नाही. "व्हता कशावरनं म्हणताय, तर नव्हता कशावरनं?" झालं. तिथून माझ्या घरापर्यंत तेवढंच. मागच्या सीटवर दोघी विहिणी केव्हाच झोपून गेल्या होत्या.

एक गोष्ट तेव्हा बोललो नाही. वारा पडला होता, खाली ते हिरवट पाणी दिसत होतं, तुम्ही पहिल्यांदाच गप्प होतात. आणि मला क्षणभर वाटलं, की समजा होता कुणीतरी. लांबच्या टेकडीवर, पोराला कडेवर घेऊन, आकाशाकडं बघत. काय पाहिलं हे सांगायला त्याच्याकडं शब्दच नव्हते, आणि तरी त्यानं सांगितलं. माझ्या अंगावर काटा आला होता, आण्णा. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही आयुष्यभर माझ्या डोक्यावर बसला असता. आता सांगतो आहे. तरीही पुरावा नाही तो नाहीच.

माझी बायपास झाली तेव्हाचं मी विसरणार नाही. खाटेभोवती जो तो हळू आवाजात बोलायचा. मी भिंतीकडं तोंड करून पडून असायचो, कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं. बायको जेवण तसंच परत न्यायची. तुम्ही सांगलीहून आलात, तब्येत विचारली नाहीत, संत्रीबिंत्री काही आणली नाहीत. दारातूनच म्हणालात, "सुभेदार, डायनासोर कशानं मेलं?" सगळे दचकले. मी म्हटलं, उल्का पडून, असं शास्त्रज्ञ म्हणतात. "म्हंजी आभाळातनं दगड पडून जग बुडतंय हे तुमाला मान्य हाय. मग भांडताय कशाला?" मी उशी मागं सारून उठून बसलो, कारण ते पडून बोलण्यासारखं नव्हतंच. तेव्हा माणूस नव्हता, हे तुम्हाला ओरडून सांगितलं. नर्सनं तुम्हाला बाहेर काढलं. त्या दुपारी मी पहिल्यांदा पोटभर जेवलो. तुम्ही मला रागावर जगवलंत. त्याचे आभार तेव्हा मानले नव्हते, आज मानतो.

आता त्या संध्याकाळकडं येतो, कारण सगळं तिथंच अडलं आहे.

तुम्ही आणि विहीणबाई साताऱ्याला आला होतात. मावळतीच्या आधी तुमची पानं मांडली, तुमच्यासाठी म्हणून आम्हीही त्याच वेळी बसायचो, एवढ्या वर्षांत ती सवयच झाली होती. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, दोडक्याची चटणी. तुम्ही आगीच्या पावसावर होतात. तुमच्यात सांगतात ना, की या काळाच्या शेवटी आगीचा, राखेचा पाऊस पडेल आणि उरलेली माणसं नदीकाठच्या गुहांत राहतील. मी म्हटलं, ते तर पुढं घडणार आहे, त्याला आठवण कसं म्हणता? तुम्ही घास हातात धरून सांगत होतात, "काळ चाकावानी फिरतोय, सुभेदार. पुढं म्हणून सांगितलंय ते मागं घडल्यालंच असतंय." आणि तेवढ्यात जमीन हलली.

साताऱ्याच्या माणसाला त्यात काही नसतं. कोयनेचा धक्का. आम्ही पंख्याकडं बघतो, हलतोय का ते बघतो आणि पुढचा घास घेतो. पण तुम्ही ताडकन उठलात. उष्ट्या हातात भाकरीचा तुकडा, डोळे एवढे मोठे, आणि हसताय. खदाखदा हसताय. "बगा! बगा! सांगत व्हतो न्हवं! धरणी हालती!"

"कोयना आहे," मी म्हटलं. "बसा, जेवा. दिवस मावळतोय."

पण तुम्ही कुठले बसताय. तुम्हाला पंचनामा करायचा होता. प्रत्येकानं काय पाहिलं ते सांगायचं, दुसऱ्यानं मधे बोलायचं नाही. मी सांगितलं, दोन-तीन सेकंद, पश्चिमेकडून, कपाटाचं दार कुरकुरलं. माझी बायको म्हणाली, अर्धं मिनिट तरी हाललं, देव्हाऱ्यातली घंटा वाजली. आणि विहीणबाई म्हणाल्या, "आवं, किती मोठ्यानं हाललं! भांडी पडली की सैपाकघरातली."

भांडी पडली नव्हती, आण्णा. मी तुम्हाला हाताला धरून आत नेऊन दाखवलं. खुंटीवरची पळी हलत होती, बस. मी म्हटलं, बघा, दोन मिनिटं झाली नाहीत आणि तुमच्या घरच्या माणसाच्या तोंडीच पुराण तयार झालं. तुमच्या सगळ्या प्रलयांचं असंच झालंय. तुम्ही त्या पळीकडं बघत म्हणालात, "पण हाललं का न्हाई? तिघांच्याबी सांगण्यात हाललं तेवढं हाय का न्हाई? मग!" आणि या भानगडीत सूर्य गेला. तुम्ही खिडकीतून बाहेर पाहिलंत, हात धुतलेत, तोंडात गुळणी केलीत आणि अर्ध्या भाकरीवर उठलात. माझ्या बायकोला त्याची अजून हळहळ वाटते, की आण्णा आपल्या घरातनं उपाशी गेले. मला वाटत नाही. जेवण की वाद यात तुम्ही वाद निवडलात आणि मी अजून त्याच मस्तीत आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही माधवनगरात मागांच्या शेडकडं जायला निघालात, चपला घालायला पायरीवर बसलात, ते उठलाच नाहीत. तेव्हा जमीन हलली नाही. शेडमध्ये माग चालू होते, ते चालूच राहिले. कुणाला कळायलाही थोडा वेळ गेला. मला स्वातीचा फोन आला तेव्हा मी तुमच्यासाठी एक नवा मुद्दा मनात जुळवत होतो. तो अजून तसाच पडून आहे.

तुमच्या जैन मंदिराच्या, म्हणजे बस्तीच्या शेजारच्या हॉलमध्ये शोकसभा होती. महावीरनं मला बाहेर, चपला काढतो तिथं, बाजूला घेतलं.

"मामा, लोक जमीन हाललेलं बोलत्यात. तुमी आज त्यावर काय बोलू नका."

"खोटं आहे ते. तुझ्या आईलाही माहीत आहे. ती होती तिथं."

"म्हाईत हाय. पर पावणे म्हणाय लागले तसं आईबी म्हणाय लागली. ह्यांच्यासाठी धरणी हालली म्हणती आन् मग दोन घास खाती. तेवढाच आधार हाय तिला. ऱ्हाऊ द्या की."

मी चपला काढल्या. आत जाऊन बसलो. विहीणबाई समोर बायकांत बसल्या होत्या, भिंतीला टेकून, कुणाकडंच न बघता. तुमचा इस्लामपूरचा चुलतभाऊ माइकवर उभा होता. म्हणाला, पुण्यवान जीव जाताना धरणीमातेलाही राहवलं नाही, आणि याला साक्षीदार खुद्द सुभेदार इथं बसलेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत. शंभर माना माझ्याकडं वळल्या. स्वातीनं मान हलवली, 'नको' म्हणून. माझी पोर त्या घरात नांदते, आण्णा. त्या बाईच्या तोंडातला घास माझ्या एका वाक्यावर होता. हे सगळं मला दिसत होतं आणि तरी मी उठलो. तुमच्या मरणाला अशी आरास करायची आणि तुमचं ते हसू मात्र कुणाला माहीतच नसायचं, हे मला सहन होईना.

मी म्हटलं, "जमीन हलली तेव्हा आण्णा गेले नव्हते. ते माझ्या घरात होते. उभे होते. हातात भाकरी होती आणि ते हसत होते. एवढे मोठ्यानं हसत होते की शेजारी धक्क्यानं बाहेर आले की ह्यांच्या हसण्यानं, मला सांगता येणार नाही. जमीन त्यांच्या मरणासाठी हलली नाही. ती हलली आणि त्यांना आनंद झाला. मी एवढ्याचाच साक्षीदार आहे."

चुलतभाऊ माइककडं बघत राहिला. महावीरनं डोळे मिटून घेतले. मी खुर्चीकडं वळणार तेवढ्यात बायकांतून आवाज आला.

"व्हय. भाकरी हातात व्हती." विहीणबाईंनी पदर सारखा केला. "मी म्हणत व्हते, बसा, दिवस मावळाय लागलाय. ऐकलं न्हाई. नुसते हासत व्हते." आणि त्या रडल्या. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच रडल्या, असं स्वाती नंतर म्हणाली. मग नाक पुसून म्हणाल्या, "आन् भांडी पडली."

माइक माझ्या हातात होता. काय करू? "विहीणबाई," मी म्हटलं, "भांडी पडली नव्हती."

"पडली व्हती! तुमी बघितलंच न्हाईसा!"

शोकसभेत लोक हसले, आण्णा. आधी एक कुणीतरी, मग सगळा हॉल. महावीरही हसला. त्या दिवशी विहीणबाई दोन भाकरी जेवल्या, दिवस मावळायच्या आत, आणि वाढता वाढता मला तीनदा म्हणाल्या, पडली व्हती.

काल सांगलीहून एसटीनं साताऱ्याला परत निघालो. इस्लामपूरला एक फेटेवाला बाबा शेजारी येऊन बसला, कुठल्यातरी कारखान्याच्या सभेहून आलेला. गाडी सुटायच्या आत त्यानं विचारलं, "माधवनगरच्या आण्णांचं आयकलं का? जमीन हालली म्हणं. हातात भाकरी व्हती. खदाखदा हासले आन् गेले बगा."

म्हणजे मी एवढा जिवावर उदार होऊन बोललो ते त्या गोष्टीनं गिळलं आणि ती आणखी मोठी झाली. मी ताठ बसलो. "गेले नाहीत," मी म्हटलं. "जमीन हलली तेव्हा ते जिवंत होते. तिसऱ्या दिवशी गेले. हे दोन वेगळे दिवस आहेत. लक्षात ठेवा आणि सांगाल तिथं असंच सांगा."

त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुमी व्हता काय तिथं?"

"होतो."

"मग हासले ते खरं हाय?"

"खरं आहे. मी ऐकलंय."

बाबानं मान डोलावली. गाडी कराडकडं लागली, दोन्ही बाजूंना ऊस होता. मला वाटलं, पटलं. तुम्ही डोळ्यांपुढं आलात, ती हलणारी पळी बघत उभे असलेले. दिवस चुकला, गाव चुकलं, सगळं चुकलं, आणि हसू तेवढं सांगलीपासून इस्लामपूरपर्यंत कुणाच्या हातून सुटलं नव्हतं. मग तो बाबा माझ्याकडं वळला.

"आन् भांडी पडली म्हणं घरातली?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. आयुष्यभर अंतरं मोजणारा माणूस मी.

"पडली," मी म्हणालो. "सगळी पडली."

हसा आता.